जुन्या आणि नव्या करारामधलं पान

१

टॅकेटांच्या बायबलात जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो, त्या दोहोंच्या मध्ये एक पान असायला हवं होतं. ते नव्हतं.

ओरिन प्रूइट वकील भर कोर्टात पुस्तक उघडून उभा राहिला. त्यानं दोन पानं पुढे चाळली, दोन मागे चाळली, मग पुस्तक उलटं करून झटकलं. शंभरेक माणसांनी भरलेल्या त्या लाकडी खोलीत बाहेर बांधलेल्या घोड्यांचं फुरफुरणं ऐकू येऊ लागलं. बायकांच्या बाकावरून ड्रुसिलानं नवऱ्याचे, ओरिनचे, कान लाल होताना पाहिले. अकरा वर्षांच्या संसारात ते कान तिनं असे एकदाच पाहिले होते, थोरली मुलगी दगावली तेव्हा.

दावा सरळ होता. सायलस टॅकेट थंडीत वारला. मागे नदीकाठची एकशे साठ एकर जमीन, बायको लेव्हिना आणि पंधरा वर्षांची पर्मीलिया. भाऊ हार्मन म्हणाला, बायको कसली, लग्न झालंच नव्हतं, जमीन माझी. लग्न लावणारा फिरता पाद्री केव्हाच देवाघरी गेला होता, आणि केंटकीच्या ज्या डोंगरात ते लागलं तिथे दाखले देणारं कुणी नव्हतं. पुरावा एकच, घरातली लग्नं आणि जन्म नोंदायच्या बायबलातल्या त्या कोऱ्या पानावर सायलसनं स्वतःच्या हातानं लिहिलेली लग्नाची ओळ.

पुस्तक आपलंच आहे एवढं शपथेवर सांगायला लेव्हिनाला आधी उभं केलं होतं. अक्रोडाच्या सालीत घाईघाईनं रंगवलेली सुतकाची लोकरी शाल, आणि घामानं मानेवर उतरलेले काळे ओघळ. शपथेला ओठ लावायला कारकुनानं समोरचंच बायबल तिच्यापुढे धरलं, तर ती मागे सरली. "कोर्टाचं असेल ते द्या," ती म्हणाली. कोर्टाचं म्हणजे पाठीचा दोरा सुटलेला एक फाटका नवा करार. तिनं त्याला ओठ लावले आणि सांगितलं, हो, आमचंच बायबल. आणि मग ओरिननं ते उघडलं.

"माझ्याकडे नक्कल आहे, साहेब," ओरिन म्हणाला. त्यानं खिशातून टिपणवही काढली. "सात आठवड्यांपूर्वी या पानावरून मी स्वतः उतरवून घेतलीय. लग्नाची ओळ, तारीख, पाद्र्याचं नाव."

जज्ज बॅस्कम यांनी चष्मा कपाळावर चढवला. "प्रूइट, मूळ कागद जळाला, भिजला, उंदरानं खाल्ला, असं काही शपथेवर सांगता आलं तर नक्कल चालते. कुठे गेला तेच ठाऊक नसेल, तर नक्कल म्हणजे तुमची नुसती गोष्ट."

हार्मनचा वकील ग्रेव्हज उठला. ओरिनचा मित्रच तो, पण कोर्टात मैत्री टोपीसोबत खुंटीला टांगायची असते. "माझी एक शंका आहे, साहेब. त्या पानावर लग्नाची ओळ नव्हतीच असं असेल तर? म्हणून पान गेलं आणि नक्कल आली?"

खोलीत कुजबुज उठली. जज्जांनी टेबलावर मूठ आपटली. "बुधवारी सकाळपर्यंत मुदत. पान कुठे गेलं ते कळलं नाही, तर जमीन हार्मन टॅकेटची. आणि प्रूइट, मग तुमचं नाव वकिलांच्या यादीवर ठेवायचं की नाही, हे मला वरच्या कोर्टाला विचारावं लागेल."

बाहेर पडताना ड्रुसिलाला पायरीवरून वाट काढावी लागली. सकाळीच तिथे एका मयताच्या मालमत्तेचा लिलाव झाला होता. दोन गायी, एक नांगर आणि एक चाळिशीचा काळा माणूस. गायी गेल्या होत्या. माणूस अजून खांबाला टेकून नव्या मालकाची वाट पाहत होता.

२

फिरत्या वकिलाचा संसार म्हणजे अर्धा संसार. वसंतात सात आठवडे, शरदात सात आठवडे, जज्ज आणि वकिलांचा तांडा घोड्यांवरून मिसूरीच्या त्या टोकाला एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा. दिवसा एकमेकांचे गळे धरायचे, रात्री एका गादीवर दोघं दोघं झोपायचं. फी कधी खारवलेल्या मांसाच्या रूपात मिळे, कधी मक्याच्या पोत्याच्या. मागे राहिलेली बायको गाय बघायची, पोरं बघायची आणि ड्रुसिलाच्या बाबतीत, कागद बघायची. ओरिनचा स्वभाव असा की महत्त्वाचं पत्र टोपीत ठेवायचा आणि टोपी नदीत पाडायचा. म्हणून अशिलांचे सगळे कागद तिच्या पेटीत असत. अकरा वर्षांत एक चिटोरं हरवलं नव्हतं. त्याचा तिला गर्व होता, आणि गर्वाचं घर कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रूइटांचं हॅकबेरी हे फेरीतलं शेवटचं गाव, आणि तिथे जज्ज आणि ग्रेव्हज प्रूइटांकडेच उतरत. शनिवारी सगळे आले होते. सोमवारी कोर्टाहून परतताना जज्जांनी बायबल काखोटीला मारून आणलं, कारण कोर्टाच्या दाराला कुलूप नव्हतं.

प्रूइटांचा सात वर्षांचा ईनॉक नाकातून रक्त गाळत शाळेतून आला. "पोरं म्हणतात, तुझ्या बापानं पान खाल्लं."

"मग तू काय केलंस?" ड्रुसिलानं विचारलं.

"मी म्हटलं, तुझ्या बापाला पान वाचता तरी येतं का. मग त्यानं मारलं."

ओरिन जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. "वकिली गेली तर मला दुसरं काय येतं गं? नांगर धरला तर बैल हसतील."

"रडायला बुधवार आहे," ड्रुसिला म्हणाली. "आज सोमवार आहे. साहेब, ते पुस्तक जरा बघू?"

जज्जांनी पाईपचा धूर सोडला. "बघ. फक्त त्यातलं आणखी काही हरवू नकोस."

तिनं ते खिडकीशी नेलं. पान सुरीनं कापलेलं नव्हतं. सुरीनं कापलं की कड सरळ येते आणि खालच्या पानावर ओरखडा उठतो. इथे शिवणीलगत कडेला बारीक लव उठली होती, आणि त्या लवेत एक केसाएवढी काळी लोकर अडकली होती. शिवणीच्या खोबणीत वरपासून खालपर्यंत राखाडी डागाची रेघ होती.

ही करामत तिला नवी नव्हती. ओरिनचे मोठे ताव ती अशीच फाडायची. घडीत ओला दोरा दाबून ठेवला की घटकाभरात कागद मऊ होतो, आणि ओढला की त्याच रेघेत अलगद सुटतो. आवाजही होत नाही. गावातल्या कितीतरी बायकांना ही युक्ती तिनंच दाखवली होती.

म्हणजे चोरानं युक्ती तिच्याकडूनच उचलली होती.

३

मंगळवारी न्याहारीला तिनं ग्रेव्हजला गाठलं.

"वहिनी, मी चोर असतो तर तुमची कोंबडी चोरली असती," तो तोंडात घास घेऊन म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून गंभीर झाला. "ऐका. सात आठवडे मी ओरिनशेजारी झोपलोय. ते बायबल ज्या पिशवीत होतं, ती त्याच्या उशाला असायची. त्यानं कूस बदलली की मला जाग यायची, इतका हा माणूस लाथा मारतो. दिवसा पिशवी खोगिरावर, आणि खोगिरावर हा. वाटेत कुणीही त्या पुस्तकाला हात लावलेला नाही. मी कोर्टात त्याच्याविरुद्ध बोललो, पण हे मी कुठेही शपथेवर सांगेन."

ड्रुसिलाच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली. वाटेत नाही, तर मग पान तिच्या घरातून गेलं होतं. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ पिशवी पुढच्या खोलीत खुंटीला होती.

"रविवारी माझ्या पाणी प्यायच्या पेल्यात लेखणी तुम्हीच धुतलीत ना?" तिनं विचारलं. "खिडकीत ठेवलेला होता. काळं पाणी फेकताना मी तुम्हाला चार शिव्या दिल्या."

"रविवारी? माझी आई बाप्टिस्ट होती, वहिनी, रविवारी काम म्हणजे तिला पाप. रविवारी मी लेखणी धरली तर ती कबरीतून उठून कान पिळेल. आणि तुमचा नवराही तसलाच, आणि साहेब तर दिवसभर शेकोटीपाशी घोरत होते."

तिनं रविवार आठवला. ग्रेव्हजला भेटायला हार्मन दहा मिनिटं आला होता. शेजारीण अंडी घेऊन आली होती. लेव्हिना दुपारी येऊन आपल्याच बायबलात एक अध्याय वाचत घटकाभर बसली होती, दोनदा पाणी मागितलं होतं. पोरं आत-बाहेर करत होती. ड्रुसिला स्वतः स्वयंपाकघरात भाजणाऱ्या मांसापाशी होती.

सुतक टॅकेटांचं. काळी लोकर टॅकेटांची. ती तडक हार्मनकडे गेली.

हार्मन टॅकेट दुकानासमोर घोड्याला पाणी पाजत होता. त्याच्या टोपीला काळी पट्टी होती. तिनं नीट पाहिलं. दुकानातली, गुळगुळीत रेशमाची. घोड्यानं मान झटकली, पाणी पट्टीवर उडालं, आणि रंग तसाच राहिला.

"मी पान चोरलं असं म्हणायला आलात?" हार्मन म्हणाला. "वकीलीणबाई, मला तर ते पान हवंच होतं. दोन्ही बाजूंनी. सायलस मरताना म्हणाला, 'देवाच्या पुस्तकात सगळं खरं लिहून ठेवलंय, हार्मन.' मला बघायचं होतं, काय खरं. लग्न झालं का, पोर कधी झाली, कुठे झाली. आता तुमच्या नवऱ्यानं माझंही तोंड बंद केलं."

माणूस कडू होता, पण खोटं बोलत नव्हता. ड्रुसिला घरी परतली आणि कागदांची पेटी उघडली. सगळ्यात वर लेव्हिनाचं वकीलपत्र होतं. फेब्रुवारीत ती ते द्यायला आली तेव्हा ड्रुसिला ओल्या दोऱ्यानं ताव फाडत बसली होती, आणि लेव्हिना कौतुकानं पाहत होती.

वकीलपत्राखाली ओरिनच्या अक्षरात नाव होतं, आणि नावाशेजारी सहीच्या जागी एक वाकडी फुली.

ड्रुसिला मटकन खाली बसली. फुली काढणारी बाई घटकाभर कुठला अध्याय वाचत होती?

४

लेव्हिना अंगणात साबणाची कढई ढवळत होती. पलीकडे पर्मीलिया कुंपणाशी वासराला ओढत होती, बापासारखे उंच खांदे, उन्हानं रापलेला गळा.

"तुझी शाल दाखव," ड्रुसिला म्हणाली.

लेव्हिनानं ढवळणं थांबवलं नाही. शालीचं एक टोक उसवलेलं होतं, हातभर धागा ओढून काढलेला.

"माझ्या घरात बसून माझ्याच पेल्यात तू तो भिजवलास," ड्रुसिला म्हणाली. "रविवारी आपलं बायबल मागणाऱ्या विधवेला कोण नाही म्हणेल? आणि मांडीवर पुस्तक घेऊन बसलेल्या बाईला वाचता येतं का, हे कोण विचारतं? मीही विचारलं नाही. पण काल कोर्टात त्या पुस्तकावर तुला शपथ घेववली नाही. ज्या पुस्तकातलं पान फाडलं त्याला ओठ लावायचे नाहीत, एवढी देवाची भीती तुला आहे. मग माझ्या नवऱ्याची दया का नाही आली? त्यानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

कढईतली काठी लेव्हिनाच्या हातून सुटली.

"मला वाटलं, वकीलसाहेबांनी बघितलंय तेवढं पुरे," ती म्हणाली. "वकिलानं डोळ्यांनी बघितलं म्हटल्यावर जज्ज नाही कशाला म्हणेल? त्यांना लोक चोर म्हणतील हे मला कुठं ठाऊक? काल रात्रभर मी उलट्या केल्या, वकीलीणबाई."

"पण फाडलंस कशाला? तुझंच लग्न होतं त्यावर."

"पुढं लग्न. मागं..." तिनं पोरीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "वकीलसाहेब फेरीवर निघताना इथूनच पुस्तक घेऊन गेले, तेव्हा हसत म्हणाले, पाठीमागेही काही लिहिलंय, मुलांची नावं असतील, जज्जांना दाखवू. ओळ कुठली ते बोटानं दाखवलं. त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही. सायलस म्हणायचा, देवाच्या पुस्तकात खोटं लिहिता येत नाही."

तिनं झग्याच्या अस्तरातून घडी काढली. तिला ते जाळवलं नव्हतं. तिचं सगळं लग्न त्यावर होतं. ड्रुसिलानं पान उलटलं आणि पाठीमागची ओळ वाचली.

पर्मीलिया. जन्म तीन मार्च १८२७. हेगारच्या पोटी. देवा, मला क्षमा कर.

"हेगार सायलसच्या बापाची होती," लेव्हिना म्हणाली. "म्हणजे विकत घेतलेली गुलाम. पोर चार दिवसांची असताना हेगार गेली बिचारी. माझं स्वतःचं त्याच आठवड्यात मातीत गेलेलं, पान्हा फुटलेला. मी हिला उचललं. मग आम्ही इकडे निघून आलो, कुणी विचारलं नाही. सायलसशी मी महिनाभर बोलले नाही, पण हिला एक रात्र खाली ठेवली नाही."

ड्रुसिलाला कोर्टाची पायरी आठवली. आई गुलाम तर मूलही गुलाम, कायदा असंच सांगत होता. जज्जांनी ते पान उलटलं असतं तर लेव्हिना विधवा ठरली असती, आणि ही वासरू ओढणारी पोर मयताची मालमत्ता. एकशे साठ एकर, दोन गायी, एक नांगर आणि पर्मीलिया. कायद्यानं वारस मूल उरलं नसतं, म्हणून वाटणीत अर्धी हार्मनची.

"तिला ठाऊक आहे?"

"नाही."

ड्रुसिलाला राग होता, तो अजूनही होता, पण आता तो कुणावर काढावा हे तिला कळेना. पान सापडलं म्हणून सांगावं, तर पोर जाते. गप्प बसावं, तर ओरिन जातो आणि यांची जमीनही. मग जज्जांचे शब्द तिच्या मनात नीट उलगडले. जळाला, भिजला, उंदरानं खाल्ला.

ती वाकली आणि कढईखालच्या आगीत पान सोडलं. लेव्हिना किंचाळली. पर्मीलियानं वळून पाहिलं.

"काही नाही गं," ड्रुसिला ओरडून म्हणाली. "आईचा हात भाजला."

५

बुधवारी नाव पुकारण्याआधीच ती उभी राहिली. कारकुनानं फाटका नवा करार पुढे केला.

"तो नको," ती म्हणाली. "टॅकेटांचं बायबल द्या. त्याच पुस्तकाचा प्रश्न आहे."

तिनं त्या जाड पुस्तकाला ओठ लावले. ओरिन तिच्याकडे पाहत राहिला.

"रविवारी माझ्या घरात ते पान भिजलं," ती म्हणाली. "शिवणीपासून सुटलं. काल मी ते जाळलं."

खोलीत एकच गलका झाला. जज्ज पुढे वाकले. "जाळलंस? का? नवऱ्याला भिऊन?"

तिनं मान खाली घातली. कारण जज्जांनीच पुरवलं होतं, आणि खोलीनं ते आनंदानं घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कागद सांभाळते म्हणे!" लोक हसले.

ग्रेव्हज उठला. हार्मननं त्याची बाही ओढली होती. "त्या पानावर लग्नाची ओळ तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली. सायलस टॅकेट आणि लेव्हिना हार्डन, सहा नोव्हेंबर १८२५."

नक्कल आणि हे जुळलं. ग्रेव्हजनं मान हलवली. "आणि पाठीमागे?"

"मुलीचं नाव. जन्मतारीख."

"आईचं नाव होतं?"

"होतं."

"काय?"

एवढा वेळ ती एक शब्द खोटा बोलली नव्हती. पान भिजलं होतं, सुटलं होतं, तिनंच जाळलं होतं. ओठांना अजून चामड्याची चव होती. बायकांच्या बाकावर पर्मीलिया आईचा हात धरून बसली होती, कंटाळलेली, पाय हलवत.

"लेव्हिना," ड्रुसिला म्हणाली.

जज्जांनी नक्कल घेतली. जेवायच्या आत निकाल लागला. जमीन विधवेची आणि मुलीची. ओरिन प्रूइटच्या नावावर डाग नाही, फक्त त्याच्या बायकोच्या अकलेबद्दल जज्जांनी दोन वाक्यं ऐकवली, आणि ती गावाला वर्षभर पुरली.

६

त्यानंतर घरात संध्याकाळचा अध्याय ओरिन वाचू लागला. आधी तो ड्रुसिला वाचायची. बायबल पुढे आलं की चुलीपाशी काम आहे, असं ती म्हणायची, आणि काम असायचंही. ओरिननं एकदाही विचारलं नाही. अकरा वर्षांत एक चिटोरं न हरवणारी बाई भिजलेलं पान वाळत घालते, जाळत नाही, एवढं तो जाणून होता.

शरदाच्या फेरीला निघायच्या आदल्या दिवशी ओढ्यापलीकडून एक म्हातारा शेतकरी आला. कापडात गुंडाळलेलं खरेदीखत त्यानं छातीशी धरलं होतं.

"हे तुमच्याजवळच ठेवा, वकीलसाहेब," तो म्हणाला. चुलीकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला, पण बहिऱ्या माणसाचा खालचा आवाज तो. "बाईंच्या हाती नको. बायकोनं बजावून सांगितलंय. त्या जाळतात म्हणे."

ड्रुसिलानं वळून पाहिलं नाही. हातातलं भांडं ती घासत राहिली.

ओरिननं कागद घेतला, उलगडला, पहिली बाजू वाचली. मग तो उलटला आणि पाठीमागची बाजूही शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचली. आधी तो असं कधी करत नसे. घडी घालून तो चुलीपाशी गेला, तिचे ओले हात स्वतःच्या कोटाला पुसले आणि कागद तिच्या हातांत ठेवला.

"बाबा," तो म्हाताऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "माझ्या घरात कागद हिच्याकडेच असतात."